किल्लीदारांनी काढलेली डिस्क

ऑफिसात सगळे त्यांना किल्लीदार म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं, आणि ते तिथेच सुखात होतं. औषधांच्या घाऊक व्यापाराची ती पेढी. खाली गोदाम, वर हिशेबनिसांची आणि ऑर्डरी घेणाऱ्या मुलींची टेबलं, आणि तिसऱ्या मजल्याच्या टोकाला एक थंडगार खोली. त्या खोलीत पेढीचा सर्व्हर. औषधांची दुकानं दिवसभर जे काही मागवीत ते सगळं या खोलीतून जाई. ती बंद पडली की गोदामातली माणसं खोक्यांवर बसून गप्पा हाणू लागत आणि माल न्यायला आलेल्या गाड्या दारात ताटकळत. अशा खोलीची एकुलती एक किल्ली ज्याच्या कमरेच्या पट्ट्याला, त्याचा रुबाब काय विचारता! साक्षात मालकसुद्धा आत यायचं असेल तर दारावर टकटक करीत.

किल्लीदार वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येणार आहे. ते इंजिनियर नव्हते. बाविसाव्या वर्षी कागद टाइप करायला लागले, आणि कंपनीची माणसं मशीन बसवायला आली तेव्हा त्यांच्या मागे उभं राहून, त्यांना पाणी आणून देऊन, मिळेल ते शिकले. खोलीतल्या गारठ्यामुळे बाराही महिने स्वेटर घालत आणि भर उन्हातही तो अंगावर घेऊनच घरी जात. रस्त्यावरची पोरं हसत. हसू देत, म्हणत.

मशीन म्हणजे माणसाच्या उंचीचं काळं कपाट होतं. एका नावाजलेल्या कंपनीने बनवलेलं, आणि आतला सगळा माल त्याच कंपनीचा. झाकणावर कागदाची मोहोर. ती फाडली की हमी संपली. आतली एखादी डिस्क बिघडली की तिच्यावर लाल दिवा लागे. किल्लीदार फोन करीत, टाय लावलेला एक माणूस येई, दिवा लागलेली डिस्क काढी, नवी बसवी आणि सही घेऊन जाई. आत नेमकं काय आहे ते किल्लीदारांना कधी पडताळावं लागलं नाही, आणि मालकांना तर नाहीच. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण पंधरा वर्षांत ते कपाट फक्त दोनदा थांबलं होतं, हेही खरं.

किल्लीदारांची मोठी बहीण पडदे शिवून संसार चालवी. नवरा लवकर गेला होता. तिची एकुलती एक मुलगी संगणकाचं शिकली, तेव्हा किल्लीदारांनीच मालकांकडे शब्द टाकून तिला आपल्या हाताखाली लावून घेतलं. ताई म्हणाली, "तुझ्या भरवशावर सोडतेय तिला." भाची ऑफिसात त्यांना सर म्हणे आणि जेवणाच्या सुट्टीत मामा. दोघं एकाच टेबलावर डबा खात आणि कपाटावरून भांडत.

कपाट म्हातारं झालं होतं आणि नवीन काय घ्यायचं हा प्रश्न मालकांपुढे होता. कंपनीचंच पुढचं कपाट, की बाजारात मिळणारी साधी मशीनं?

"मामा, कपाट चांगलंय, कोण नाही म्हणतंय?" भाची म्हणे. "पण त्याचा एक स्क्रूसुद्धा बाजारात मिळत नाही. उद्या कंपनीने हात वर केले तर आपण काय करायचं?"

"पंधरा वर्षांत केले का?"

"साधी मशीनं घेतली तर तेवढ्याच पैशांत चार येतील. एक मेलं तर बाकीची तीन काम ओढतील. डिस्क कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायची."

"मेलं तर, मेलं तर! मशीन मरणारच असं धरून कुणी खरेदी करतं का गं?"

"हो मामा. तसंच धरायचं असतं."

किल्लीदार यावर हसले, पण डब्याचं झाकण लावताना त्यांचा हात जरा जास्तच जोरात दाबला गेला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे तर होतंच. त्याखाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. कुणीही उघडावं आणि कुणीही दुरुस्त करावं असं मशीन आलं, तर कमरेच्या किल्लीला काय किंमत राहणार?

मालकांनी दोघांचं ऐकून घेतलं. "मला दोघांचंही पटतंय," ते म्हणाले, "म्हणजे मला काही कळलेलं नाही. एक साधं मशीन आणा, तीन आठवडे खऱ्या ऑर्डरींची नक्कल त्याच्यावर चालवा. टिकलं तर तेच घेऊ." भाचीने दोन दिवसांत मशीन उभं केलं. आठ डिस्का एका ओळीत. त्यांतली एक गेली तरी उरलेल्या सात काम चालू ठेवणार, अशी त्याची रचना. दोन एकदम गेल्या तर मात्र कारभार आटोपला. मशीन स्वस्तातलं, त्यामुळे लाल दिवे नव्हते. कुठली डिस्क गेली ते पडद्यावर आकड्यात लिहून येई. हे सगळं तिने एका कागदावर टिपून मामांच्या हातात दिलं. मामांनी कागद घडी करून खिशात घातला. जिला आपण नोकरीला लावलं, तिच्या हातच्या सूचना वाचायच्या, हे काही त्यांच्या पचनी पडलं नाही.

दोन आठवडे मशीन इमानाने चाललं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी भाची दुसऱ्या गोदामात गेली असताना पडद्यावर अक्षरं उमटली: तीन नंबरची डिस्क गेली. मशीन थांबलं नव्हतं. ऑर्डरी धडाधड येत होत्या. हेच तर भाचीला दाखवायचं होतं! किल्लीदारांना तेव्हा, खरं सांगतो, आनंदच झाला. पोरगी येईपर्यंत आपण डिस्क बदलून ठेवू, म्हणेल मामांना जमलं. नवी डिस्क कपाटावर तयारच होती. त्यांनी डावीकडून बोट ठेवत मोजलं, एक, दोन, तीन, आणि तिसरी डिस्क ओढून काढली.

मशीन एक, दोन, तीन असं मोजत नव्हतं. ते शून्यापासून मोजत होतं. त्याची तीन नंबरची डिस्क म्हणजे ओळीतली चौथी. किल्लीदारांनी उपटली ती धडधाकट होती. एक आधीच मेलेली, एक त्यांनी काढलेली. पडदा अक्षरांनी भरला आणि ऑर्डरी थांबल्या.

त्यांनी डिस्क घाईघाईने परत आत ढकलली. काही होईना. खिशातला कागद काढला. तिसऱ्या ओळीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: मोजणी शून्यापासून आहे. त्यांचे कान तापले. आणि नेमकं तेव्हाच दारावर टकटक झाली.

मालक आत आले, पडदा बघितला आणि म्हणाले, "काय झालं?"

त्या क्षणी किल्लीदारांनी "माझ्या हातून चूक झाली" एवढं म्हटलं असतं, तर मालक हसले असते, फार तर चार शब्द बोलले असते, आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण पंधरा वर्षं ज्याच्या दारावर मालक टकटक करीत आले, त्या माणसाला ते चार शब्दही जड वाटले. ते म्हणाले, "बघा ना. एक डिस्क गेली आणि सगळंच बसलं."

भाची दुपारी आली. तिने खुर्ची ओढली, तासाभरात मशीन परत उभं केलं, एकही ऑर्डर हरवली नाही. पण मालकांनी बघायचं ते बघितलं होतं. ती पडद्यावर बराच वेळ काहीतरी वाचत बसली. मग मागे न वळताच तिने विचारलं, "मामा, तुम्ही कशाला हात लावला होता का?"

"नाही," किल्लीदार म्हणाले.

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मालकांनी तिला कारण विचारलं. माझीच बसवण्यात काही चूक राहिली असेल, असं तिने सांगितलं. किल्लीदार मूग गिळून बसले होते. पेढीने कंपनीचं नवं कपाट घेतलं. कंपनीने किल्लीदारांना पेनांचा एक जोड पाठवला. भाचीला सर्व्हरच्या खोलीतून काढून खालच्या मजल्यावर बसवलं, प्रिंटरच्या तक्रारी घ्यायला. तिला मशीनचं फारसं जमत नाही, असा बोलबाला झाला. तो कुणी पसरवला नाही. असल्या गोष्टींना पसरायला माणूस लागतच नाही.

तीन वर्षं गेली. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते उगीच नाही. एकदा हिशेबनिसांचा प्रिंटर अडकला म्हणून भाची गुडघ्यांवर बसून त्यातला कागद ओढत होती, कोपरापर्यंत शाई लागली होती, आणि मुख्य हिशेबनीस वरून म्हणत होता, "जरा आटपा की." किल्लीदार दारातूनच मागे फिरले आणि जिना चढताना दोनदा थांबले. डबा ते आता आपल्या खोलीतच खात. गारठ्यात पोळी वातड होई. तीच चावत बसायला त्यांना बरं वाटे. ताईकडे जाणंही त्यांनी कमी केलं. गेले की ती ताटात वाढतच राही आणि म्हणे, "तू होतास म्हणून पोरीचं मार्गी लागलं." कितीदा तरी त्यांनी मनात वाक्य जुळवलं, आरशासमोर उभं राहून पुटपुटलं, बायकोने विचारलं की "दाढ दुखतेय" म्हणून सांगितलं. शेवटी बायकोने त्यांना खरोखरच दाताच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, दात तर उत्तम आहेत.

मग कंपनीचं पत्र आलं. कंपनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती, हे मॉडेल बंद होत होतं, वर्षअखेरीनंतर सुटे भाग मिळणार नव्हते, तरी ग्राहकांनी नवं कपाट घ्यावं, सस्नेह. तीन वर्षांच्या तरण्याताठ्या मशीनला कंपनीने बसल्या जागी मूठमाती दिली. किल्लीदारांनी पत्र चार वेळा वाचलं. भाचीचं वाक्य त्यांना शब्दन् शब्द आठवलं.

मालकांनी दोघांनाही बोलावलं. भाची हातात एक फाइल घेऊन आली होती. किल्लीदारांच्या निवृत्तीला दीड महिना उरला होता.

"दोन गोष्टी आज ठरवायच्यात," मालक म्हणाले. "मशीन कुठलं घ्यायचं, आणि यांच्यामागे विभाग कुणाकडे द्यायचा. माझ्या मनात तुमचं नाव आहे," ते भाचीकडे बघून म्हणाले, "पण मागच्या वेळी तुमचं मशीन बसलं होतं, ते डोक्यातून जात नाही. तुम्ही काय म्हणता, किल्लीदार?"

पोरीचं भलं आपल्या एका वाक्यावर अडलंय, असं किल्लीदारांना वाटलं. तीन वर्षं जुळवलेलं वाक्य. ते उठून उभे राहिले, शाळेत उभं राहतात तसे.

"मशीन बसलं नव्हतं, साहेब. मी बसवलं. चुकीची डिस्क काढली. मशीन शून्यापासून मोजतं, मी एकपासून मोजलं. तिने कागदावर लिहून दिलं होतं, मी वाचलं नाही. मग तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. तिने विचारलं, तिच्याशीही खोटं बोललो. तिची काही चूक नव्हती. साधीच मशीनं घ्या आणि तिलाच नेमा."

शरमेने त्यांची मान वर होत नव्हती, पण छातीवरची धोंड उतरली असंही वाटत होतं, आणि ते वाटतंय याचीही लाज वाटत होती. मालकांनी टेबलावरच्या दोन पेन्सिली एकीला एक लावून ठेवल्या. मग त्यांनी भाचीकडे बघितलं.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

भाचीने फाइल मांडीवर ठेवली. "हो."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. मशीन सगळं लिहून ठेवतं. किती वाजता कुठली डिस्क काढली, किती वाजता परत घातली. आणि किल्ली एकाच माणसाकडे होती."

"मग बैठकीत का बोलला नाहीत?"

"मामा आहेत माझे," ती म्हणाली.

मालकांनी मान हलवली, समजल्यासारखी. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "किल्लीदारांचं मी समजू शकतो," ते सावकाश म्हणाले. "माणूस घाबरतो. पण तुम्हाला खरं ठाऊक होतं, आणि तुम्ही मला तीन वर्षं चुकीच्या मशीनवर बसवून ठेवलंत. उद्या आणखी कुणी तुमचं असेल. त्या खोलीत नाती सांभाळणारं माणूस मला नको. मशीनं तुम्ही म्हणता तीच घेऊ. ती बसवा, तुम्हीच बसवा. विभागासाठी माणूस मी बाहेरून बघतो."

किल्लीदार म्हणाले, "साहेब, पण तिची..." तोवर मालकांनी पुढचा कागद ओढला होता.

बाहेर जिन्यापाशी दोघं उभी राहिली. खालून गोदामातल्या ढकलगाड्यांचा खडखडाट येत होता.

"मला आधी विचारायचं होतंत," भाची म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. तिने फाइल उघडून दाखवली. "नवीन चाचणी मागणार होते मी. सगळं लिहून आणलं होतं. मालक हो म्हणाले असते, मशीन टिकलं असतं आणि जुन्याचं कुणी नावही काढलं नसतं. मी तीन वर्षं याचीच वाट बघत होते, मामा."

"मला वाटलं, तुझं भलं होईल."

"तुमचं मन हलकं झालं ना?"

आपण पोरीसाठी बोललो की स्वतःसाठी, हे किल्लीदारांनी पहिल्यांदाच स्वतःला विचारलं, आणि उत्तर त्यांना ठाऊक होतं. ती फाइल मिटून खाली गेली. दोन नंबरच्या टेबलावरचा प्रिंटर सकाळपासून बंद होता.

रविवारी ताईचा निरोप आला, ये म्हणून. न जाण्याची सोय नव्हती. ताई शिवणयंत्रापाशी बसली होती, मांडीवर कुणाच्या तरी खिडकीचा निळा पडदा. किल्लीदार खुर्चीच्या कडेवर टेकले. आता ऐकून घ्यायचं, त्यांनी ठरवलं होतं. ताईने दोन मुस्कटात मारल्या तरी घ्यायच्या.

ताईने दोरा दातांनी तोडला आणि पडदा बाजूला ठेवला. "सांगितलं मला तिने सगळं," ती म्हणाली.

किल्लीदारांनी मान खाली घातली.

"मालकांपुढे उभा राहिलास म्हणे तिच्यासाठी. तिलाच नेमा, म्हणालास. निवृत्तीला महिना-दीड महिना उरलेला असताना मालकाशी वाद कोण घालतं रे? त्याने नाही ऐकलं, ते आपलं नशीब. पण तू बोललास."

त्यांनी दचकून वर बघितलं. भाची आतल्या दारात चहाचे कप घेऊन उभी होती. तिने आईला खोटं एक अक्षर सांगितलं नव्हतं, फक्त निम्मं सांगितलं होतं. सांगू का, असं त्यांनी डोळ्यांनीच तिला विचारलं. यावेळी आधी विचारलं. तोंडाशी आलं होतं, ओठ हलायला लागले होते.

तिने मान हलवली. नाही.

मग तिने कप त्यांच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ताई उठून जवळ आली, लहानपणी फिरवायची तसा तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "देवाने भाऊ एकच दिला, पण दिला. खूप केलंस रे तिच्यासाठी."

भाची त्यांच्याकडे बघत होती. ताई उत्तराची वाट बघत होती.

"जमेल तेवढं केलं," किल्लीदार म्हणाले, आणि चहा पिऊ लागले.